गवा नऊ सेकंद दिसतो

माझ्या फोनमध्ये ४७ सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. ९ डिसेंबर २०२०, कोथरूड. त्यानंतर दोन फोन बदलले, पण बॅकअपमधून तो दर वेळी आपसूक नव्या फोनमध्ये येऊन बसतो. डिलीट करायला हात धजत नाही, उघडून बघावासाही वाटत नाही. मध्यंतरी एका रात्री बघितला आणि सवयीप्रमाणे मोजायला बसलो. 'माझ्याकडे गव्याचा व्हिडिओ आहे' असं मी लोकांना सांगायचो. गवा त्यात नऊ सेकंद दिसतो, तोही तुकड्या-तुकड्यांत. उरलेल्या ३८ सेकंदांत पाठी, हेल्मेटं, कुणाच्या तरी स्कूटरचा आरसा, वर धरलेले हात आणि त्या हातांतले फोन.

पुण्यात राहणाऱ्यांना तो दिवस आठवत असेल. सकाळी महात्मा सोसायटीच्या बाजूला एक रानगवा वस्तीत शिरला. मी कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, वर्क फ्रॉम होम चालू होतं. मित्रांच्या ग्रुपवर एक अंधूक फोटो पडला आणि पाठोपाठ मेसेजची रांग लागली. 'कुठेय?', 'लोकेशन टाक', 'अजून आहे का?' मी मॅनेजरला 'नेटचा प्रॉब्लेम आहे' असं लिहिलं आणि बाइक काढली. मास्क मात्र आठवणीनं लावला.

गवा मी आधी कधी पाहिला नव्हता. फोटोत तो गाईबैलाच्या नात्यातला वाटतो. समोर आल्यावर कळतं की हे प्रकरण वेगळं आहे. मानेवरचा तो उंचवटा आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. तो भिंती, गेटं आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून बाहेर पडायची वाट शोधत होता. त्याच्या तोंडाला रक्त होतं. जिकडे तो वळायचा तिकडे आम्ही असायचो. मी लांब होतो, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. आणि खरंच मी काही फेकलं नाही, ओरडलोही नाही. मी फक्त होतो. तिथे प्रत्येकजण फक्त होता, आणि तेवढ्यानं त्याचे सगळे रस्ते बंद झाले होते.

काही तासांनी त्याला बेशुद्ध करून, जाळ्या आणि दोऱ्या लावून गाडीत चढवलं. त्यानंतर तो गेला. संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला 'सॉरी' आलं आणि त्याच्या खाली एक वाक्य, जे मी त्या रात्री किमान दहा ठिकाणी वाचलं असेन: माणसं जनावरांसारखी वागली.

मला तेव्हा ते वाक्य पटलं होतं. मुळात मी ते आधीच लिहून बसलो होतो.

झालं असं होतं की त्याच वर्षीच्या लॉकडाउनमध्ये मी लिजो जोस पेल्लिसेरीचा 'जल्लीकट्टू' पाहिला होता. २०१९चा मल्याळम सिनेमा. पाहिला नसेल तर गोष्ट एका ओळीची आहे: डोंगरातल्या एका गावात कत्तलीला आणलेला रेडा दावं तोडून पळतो आणि सगळं गाव त्याच्या मागे लागतं. एस. हरीश यांच्या 'माओइस्ट' नावाच्या कथेवरून तो केला आहे. नावातल्या जल्लीकट्टूचा, म्हणजे तमिळनाडूतल्या बैलांच्या खेळाचा, त्यात थेट संबंध काही नाही. सुरुवातीची काही मिनिटं तर मी तीनदा मागे घेऊन पाहिली होती. झोपलेल्या माणसांचे डोळे एका तालात उघडतात, श्वास चालतो, सुरा ओंडक्यावर पडतो, मांस तोललं जातं, आणि सगळ्याला घड्याळाची टिकटिक. मग रेडा सुटतो आणि पुढचा दीड तास नुसती पळापळ, चिखल, मशाली आणि शिव्या.

मी भारावून फेसबुकवर आठशे शब्द लिहिले. शीर्षक दिलं 'माणसातला पशू'. त्यात असं सगळं होतं: संस्कृती हा वरचा पापुद्रा आहे, नखानं खरवडला की खालून आदिम प्रेरणा बाहेर येते, रेडा हे आपल्या आतल्या जनावराचं प्रतीक आहे वगैरे वगैरे. बऱ्यापैकी लाइक मिळाले. इंजिनिअर असून सिनेमावर लिहितो म्हणून आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कौतुकही झालं. आणि आठशे शब्दांचा हा माणूस काही महिन्यांनी खोटं कारण सांगून गव्याच्या मागे गेला.

कोथरूडनंतर पंधरा-वीस दिवसांनी मी तो सिनेमा परत लावला. खरं तर स्वतःला शिक्षा म्हणून लावला होता. पण या वेळी दिसलं ते वेगळंच.

पहिल्यांदा जी पळापळ वाटली होती, तिच्यात किती व्यवस्था आहे! ज्याची बाग तुडवली गेली त्याचा हिशेब आहे. ज्याच्या घरी मुलीचं लग्न ठरलंय त्याला मेजवानीसाठी मांस हवंय. पोलीस येतात, त्यांची जीप पेटवली जाते, पण तेही काही वेड लागून नाही. आधी हुज्जत, मग राग, मग काडी. शेजारच्या गावांतली टोळकी येतात, त्यांच्यात शिकारीचा मान कुणाचा यावरून वाद होतो. अँटनी आणि कुट्टच्चन यांचं जुनं वैर तर रेड्याच्या आधीपासूनचं आहे. रात्री रेडा विहिरीत पडतो, तेव्हा तो आयता सापडलेला असतो. तिथेच काही करून मोकळं होता आलं असतं. पण त्याला वर काढायचं ठरतं. दोर येतात, ओंडके येतात, कप्पी लावली जाते, कुणी दोर धरायचा, कुणी सूचना द्यायच्या याची वाटणी होते. भर पावसात ते लोक अक्षरशः एक यंत्र उभारतात. आमच्या कॉलेजात याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणायचे आणि त्याचे मार्क असायचे. वर आल्या आल्या रेडा पुन्हा पळतो, आणि त्या गोंधळात एक माणूस जिवाला मुकतो.

यात आदिम काय आहे? दोर, कप्पी, टॉर्च, टोळीचा मान, नुकसानभरपाई, जुनी भांडणं. यातली एकही गोष्ट जनावराकडे नसते. रेड्याची अख्ख्या सिनेमात एकच मागणी आहे, की मला मारू नका. उपजत प्रेरणा म्हणतात ती हीच असेल, तर ती फक्त त्याच्याकडे आहे. बाकीचे सगळे सुसंस्कृत आहेत. कोथरूडचंही तसंच. मला तिथे कुठल्या प्रेरणेनं नेलं? गव्याचा वास आला नव्हता, भूक लागली नव्हती, भीती वाटली नव्हती. मला तिथे लोकेशन पिनानं नेलं. मी तेव्हा एका शॉपिंग अॅपच्या नोटिफिकेशनवर काम करत होतो. कुठल्या वेळी, कोणत्या शब्दांत मेसेज पाठवला की माणूस हातातलं काम टाकून फोन उचलतो, याचे आकडे रोज बघणं हे माझं काम होतं. 'अजून आहे का?' हा मेसेज त्या दृष्टीनं अव्वल होता. आत्ता नाही गेलास तर संपेल. असला मजकूर सुचायला आम्हाला दोन-दोन मीटिंगा लागायच्या.

शेवटी रेडा चिखलात रुततो आणि त्याच्यावर माणसं पडत जातात. एकावर एक, चिखलानं माखलेली, चेहरे पुसून गेलेली, माणसांचाच एक डोंगर होतो. हा शॉट बघून आजही अंगावर काटा येतो. पण त्यानंतर लिजो आपल्याला थेट अश्मयुगात नेतो: गुहेतली माणसं एका जनावरासाठी एकमेकांवर तुटून पडताहेत. पहिल्यांदा मला हा कळस वाटला होता. आता मला तो या सिनेमातला एकमेव आळशी क्षण वाटतो. आख्खा सिनेमा जे दाखवतो, त्याच्यावर तो पांघरूण घालतो. गुहेतल्या माणसांना भूक होती. डोंगरातल्या त्या ढिगातल्या एकालाही भूक नव्हती. 'आपण पहिल्यापासून असेच' म्हटलं की आजच्या दिवसाचा हिशेब द्यावा लागत नाही. माझ्या आठशे शब्दांनी तेच तर केलं होतं. (लिजोला या सिनेमासाठी गोव्याच्या इफ्फीत उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. शेवटच्या दीड मिनिटावरून माझं भांडण आहे, एवढंच.)

एक गोष्ट मात्र लिजोनं माझ्या व्हिडिओसारखीच केली आहे, अर्थात जाणूनबुजून. रेडा नीट दिसतच नाही. पाठीचा तुकडा, शिंगं, अंधारात चमकून गेलेला डोळा. ज्याच्यासाठी एवढा गदारोळ, तो फ्रेमच्या बाहेर.

जनावर फ्रेमच्या मधोमध ठेवणारा सिनेमा मी नंतर पाहिला, तो फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँचा १९६६चा 'ओ आझार बाल्ताझार'. एका गाढवाचं जन्मापासून मरणापर्यंतचं आयुष्य, बस्स. आधी लहान मुलं त्याचा बाप्तिस्मा करतात, मग तो मालक बदलत जातो. श्रेयनामावलीला शुबर्टचा पियानो वाजतो आणि मध्येच गाढव ओरडतं, मग पियानो पुन्हा सुरू. ते ऐकून मी हसलो होतो. पुढे दीड तास हसू आलं नाही.

यात जेरार नावाचा एक पोरगा आहे. लेदर जॅकेट, हातात ट्रान्झिस्टर, मोपेडवर हिंडणारा. गाढव चालेना म्हणून तो त्याच्या शेपटीला कागद बांधून पेटवतो. हाच जेरार चर्चमध्ये गातो, आणि छान गातो. ब्रेसाँ हे दोन्ही सारख्याच कोरड्या नजरेनं दाखवतो, 'बघा किती ढोंगी' असं डोळा मारून सांगत नाही. जेरारच्या आत कुठलं जनावर दडलेलं नाही. तो गावातला एक मुलगा आहे, त्याला गाता येतं आणि पेटवताही येतं.

आणि मग सर्कशीतला प्रसंग. गाढवाला पिंजऱ्यांच्या समोरून नेतात. वाघ, ध्रुवीय अस्वल, चिंपांझी, हत्ती. कॅमेरा गाढवाचा डोळा दाखवतो, मग वाघाचा. परत गाढवाचा, मग हत्तीचा. कुणीच काही 'करत' नाही. त्यांच्यात काहीतरी बोलणं झालं असं वाटतं, पण काय ते आपल्याला कळत नाही, आणि ब्रेसाँ कळू देत नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे सगळ्यांत प्रसिद्ध रेडा कुठला, तर पैठणचा. ज्ञानेश्वरांनी हात ठेवल्यावर वेद म्हणणारा. ती गोष्ट लहानपणी आजीकडून ऐकताना तो वेद म्हणतो इथे माझ्या अंगावर रोमांच यायचे. आता प्रश्न पडतो की तो वेद म्हणाला नसता तर? समोरच्या शास्त्रीमंडळींना त्याच्यात जीव आहे हे पटायला त्याला त्यांची भाषा यावी लागली. बाल्ताझारला कुणाचीच भाषा येत नाही. शेवटी पाठीवर चोरट्या मालाचं ओझं असताना त्याला गोळी लागते, आणि डोंगरावर मेंढ्यांच्या कळपात तो खाली बसतो. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहतात. समीक्षकांनी त्याला संत म्हटलंय, ख्रिस्त म्हटलंय. असेलही. मला शेवटी एक गाढव मेलं याचंच वाईट वाटलं.

माझ्या व्हिडिओतला गवा एकदा कॅमेऱ्याकडे बघतो. मी तेव्हा स्टेटसवर लिहिलं होतं, 'त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता.' नव्हता. मी तो घातला. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता येत नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख बरा झाला असता, निदान मी बरा दिसलो असतो. पण जनावर हा शब्द माणसाला लावायची गोष्ट निघाली की मला 'फँड्री' टाळता येत नाही, आणि 'फँड्री' आला की हॉस्टेल टाळता येत नाही.

कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. नागराज मंजुळेचा सिनेमा २०१४च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला. आम्ही तो पुढच्या वर्षी हॉस्टेलच्या रूमवर पाहिला, एका लॅपटॉपसमोर अकराजण. गावात मोकाट फिरणारी डुकरं पकडायचं काम कचरू मानेच्या कुटुंबावर येतं, आणि जब्याला शाळेतल्या पोरांसमोर, शालूसमोर त्यांच्या मागे धावावं लागतं. लोक भोवती उभे राहून, मॅच बघावी तसे मजा घेत असतात. 'जल्लीकट्टू'त जनावरामागे सगळं गाव धावतं. इथे एकच घर धावतं आणि गाव बघतं. जनावर पकडायचं कुणी आणि बघायचं कुणी, हे आधीच ठरलेलं आहे.

त्यात तो प्रसंग येतो. डुक्कर जवळजवळ हाती लागलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो. मग बहिणी, आई, आणि नाइलाजानं कचरूही. सावधान. डुक्कर निघून जातं. प्रेरणा विरुद्ध संस्कृती असं ज्याला शिकवायचं असेल त्यानं हा एक प्रसंग दाखवावा आणि मग विचारावं, की बाबा, यात सुसंस्कृत कोण? ज्यांना गाव डुकराच्या रांगेत बसवतं, तेच गाणं संपेपर्यंत हलत नाहीत. आणि नंतर पकडलेलं डुक्कर दांड्याला टांगून ते घरी नेतात, तेव्हा मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा आणि सावित्रीबाई रंगवलेले असतात. आम्ही रूमवर तेव्हा गप्प होतो. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट पडद्यावर आला आणि अकरापैकी दहाजणांनी टाळ्या वाजवल्या.

अकरावा माझा रूममेट होता. सोलापूर जिल्ह्यातला. त्याच्या आजोबांकडे डुकरं होती, हे त्यानं पहिल्या वर्षी एका रात्री लाइट गेलेली असताना मला सांगितलं होतं. मलाच, बाकी कुणाला नाही. सिनेमानंतर मेसमध्ये चर्चा रंगली. मी अगदी पोटतिडकीनं बोलत होतो, जात किती खोलवर असते वगैरे, आणि मुद्दा वजनदार व्हावा म्हणून मी म्हणालो, 'आपल्याच रूममध्ये बघा ना, याच्या आजोबांकडे…' मला खरंच वाटलं की मी त्याच्या बाजूनं बोलतोय.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी त्याला 'काय फँड्री' म्हणून हाक मारली. चेष्टेत. सिनेमा आवडलेल्याच पोरांपैकी कुणीतरी. महिनाभर ते चाललं. तोही हसायचा. मीही हसलो. पुढच्या सेमिस्टरला त्यानं रूम बदलली, कारण विचारल्यावर म्हणाला, 'तिकडे वायफाय चांगलं येतं.'

'माणसं जनावरांसारखी वागली' या वाक्याची मला आता चीड का येते ते इथे आहे. जनावर हा शब्द कधीच मोकळा नसतो. आपण स्वतःला तो लावतो तेव्हा सिनेमाची चर्चा होते, थोडं तत्त्वज्ञान होतं, लाइक मिळतात. दुसऱ्याला लावतो तेव्हा त्याला रूम बदलावी लागते. आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये कुठलीही आदिम प्रेरणा उफाळून आली नव्हती. ताटं घेऊन, रांगेत उभं राहून, एकमेकांना 'घे ना' म्हणत सगळं चाललं होतं.

कोथरूडच्या त्या दिवशी मी व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. अर्ध्या तासात पन्नासेक लोकांनी पाहिला. रिप्लाय आले ते सगळे एकाच जातीचे: 'कुठे हे?', 'भारी!', 'जवळ जाऊ नको रे', 'फुल व्हिडिओ पाठव'. त्यांच्यात एक त्याचा होता. कॉलेज संपल्यापासून आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं होतं. त्यानं लिहिलं होतं:

'पळाला का?'

बाकी पन्नासांतल्या कुणीच हे विचारलं नव्हतं. मीही तिथे उभा असताना एकदाही हा विचार केला नव्हता, की तो पळू शकेल का, कुठून पळेल, आम्ही बाजूला झालो तर जमेल का. मी उत्तर दिलं नाही. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून, आणि संध्याकाळी कळलं म्हणून.

पुढे दोनेक आठवड्यांत पाषाण-बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. ग्रुपवर पुन्हा 'लोकेशन टाक' सुरू झालं. मी फोन उलटा करून ठेवला, आणि हे काही शौर्य नव्हे, त्या दिवशी खरंच रिलीज होतं. त्या गव्याला मात्र हुसकत हुसकत परत जंगलात घालवता आलं. बातमी वाचली तेव्हा मी त्याचा जुना मेसेज शोधून काढला आणि त्याच्या खाली लिहिलं, 'पहिला नाही. हा पळाला.'

निळ्या टिका लगेच आल्या. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, 'बरं झालं.'

मी आणखी काहीतरी टाइप केलं होतं, मेसबद्दल. दोनदा वाचलं, दोनदा खोडलं. ते अजून पाठवायचं आहे.